तळपायावरची तीट

डोंगरकड्याच्या सटवाजीची ही गोष्ट आहे, पोरांनो. खोटी वाटली तर उद्या त्यालाच विचारा. पण तो सांगायचा नाही, मान खाली घालील.

गेल्या माघातली अमावास्येची रात्र. सटवाजीची लेक शीतल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या, म्हणून सटवाजी मोटारसायकल काढून फाट्यावर जीप सांगायला गेला. जीपवाल्याला उठवलं. तो म्हणाला, तुम्ही व्हा पुढं, आलोच.

येताना वाटेत सिस्टरांचा दवाखाना लागतो. केरळातून आलेल्या सिस्टर रोझलिननं तिथं उभा जन्म काढला. सकाळी ओसरीवर पोरींना शिकवायचं, दुपारी औषधपाणी, आणि रात्री-अपरात्री सटवाजीच्या गाडीवर बसून बाळंतपणाला जायचं. बाया काही नव्या लेकराला काजळाची तीट लावल्याशिवाय ऐकत नसत, आणि सिस्टरला काजळाचा भारी राग. शेवटी तिनंच तोड काढली. नाळेला लावायचं जांभळं औषध असतं ना, त्याचाच एक ठिपका ती लेकराच्या तळपायावर द्यायची. बायाही खूश. शीतललाही तिनंच लावला होता, आणि पुढं शाळेत तिला चिडवायची, तुझ्या लेकराला पण मीच लावणार म्हणून.

दिवाळीत सिस्टर वारली. दवाखान्याला कुलूप लागलं. सटवाजी आई गेल्यासारखा रडला होता.

तर त्या रात्री दवाखान्याच्या फाटकाशी त्याचा पाय आपसूक ब्रेकवर पडला. जुनी सवय. थांबल्यावर त्याच्या ध्यानात आलं, आता घ्यायचं कुणाला?

फाटकाला कुलूप होतं. आत अंधार.

गाडी मागून दबली.

कुणीतरी एका अंगानं बसलं... स्पिरिटचा वास आला...

सटवाजीनं मागं पाहिलं नाही.

"सिस्टरबाई," तो म्हणाला, "आपली शीतल हाय. लेकरू वाचवा."



नुसता खांद्यावर हात आला. थोपटत राहिला. वाटभर. माणूस गेलेल्या घरी थोपटतात, तसा.

सटवाजीनं गाडी आणखी पळवली.

दारात गाडी हलकी झाली. घरात बाया होत्या. लेकराचा आवाज नव्हता.

मुलगा झाला होता. त्यानं श्वास घेतलाच नाही. मागून आलेल्या जीपनं शीतलला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, ती तेवढी वाचली. लेकरू मात्र तिनं डोळे भरून पाहिलंसुद्धा नाही.

उजाडताना सटवाजीनं त्याला पुरायला उचललं. फडकं सारखं करताना एक पाय उघडा पडला. तो कितीतरी वेळ त्या पायाकडं बघत राहिला. मग बायकोला हाक मारली.

"द्वारका, ह्याला तीट कोणी लावली?"

"मेलेल्या लेकराला कोण तीट लावतंय?" द्वारकाबाई म्हणाली, आणि जवळ आली.

एवढ्याशा तळपायावर जांभळा ठिपका होता. अजून ओला.