साडेबाराला बंद पडणारा प्रिंटर

हेतल त्या ऑफिसात पहिल्यांदा शिरली तेव्हा तिला दिसली ती फक्त एक पाठ. मोठ्या प्रिंटरचं झाकण उघडं होतं आणि कुणीतरी कोपरापर्यंत हात आत घालून वाकलं होतं.

"अहो, हात काढा आधी! आत गरम असतं."

पाठ वळली. गालावर टोनरच्या काळ्या पुडीचा पट्टा, कपाळावर घाम, आणि डोळे मात्र हसरे.

"कुरियर ना? तिकडे टेबलावर ठेवा."

"कुरियर नाही. प्रिंटर बघायला आलेय." तिने हेल्मेट काढलं. पावसाचे चार थेंब फरशीवर पडले.

"अरे... सॉरी. मला वाटलं, शैलेश सर एखादा माणूस पाठवतील."

"माणूसच पाठवलाय त्यांनी," हेतल म्हणाली.

तो इतका ओशाळला, की गाल पुसायला गेला आणि काळा हात दुसऱ्या गालालाही लावून बसला. हेतलने हसू दाबायचा खूप प्रयत्न केला. जमलं नाही.

त्याचं नाव निकेश. पनवेलमधल्या कमलाकर शेठच्या क्लिअरिंग ऑफिसात, न्हावा शेवा बंदराला जाणाऱ्या कंटेनरची कागदपत्रं तयार करायचं त्याचं काम. छापलेला कागद ड्रायव्हरच्या हातात पडल्याशिवाय ट्रेलर हलत नसे, आणि बंदराचं गेट काही कुणासाठी थांबत नाही. ऑफिसातल्या पाचही कॉम्प्युटरवरचे कागद आधी कोपऱ्यातल्या एका जुन्या मशीनकडे जात. हा प्रिंट सर्व्हर. तो सगळ्यांना रांगेत लावून एकेक कागद प्रिंटरकडे सोडत असे. आणि दोन दिवसांपासून रोज दुपारी साडेबाराच्या सुमारास तो मान टाकत होता.

हेतलने रांगेतलं सगळं पुसलं, मशीन पुन्हा सुरू केलं. प्रिंटर मुकाट्याने कागद ओकू लागला. दुसऱ्या दिवशी पावणेएकला परत फोन. तिने वायर बदलली. तिसऱ्या दिवशी परत फोन. तिने सॉफ्टवेअर नव्याने टाकलं. प्रत्येक वेळी दारात ड्रायव्हर ताटकळत उभे, म्हणून प्रत्येक वेळी घाईघाईत आधी रांग पुसायची आणि काम सुरू करून द्यायचं.

निकेश मात्र दर वेळी बाजूला उभा. कधी टॉर्च धरून, कधी आल्याचा चहा घेऊन. तिसऱ्या दिवशी तो इस्त्रीचा नवा शर्ट घालून आला होता. आणि हेतलने काजळ लावलं होतं. प्रिंटर दुरुस्त करायला कुणी काजळ लावतं का? स्कूटी चालवताना तिने स्वतःलाच विचारलं होतं आणि उत्तर टाळलं होतं.

तिसऱ्या दिवशी निघताना कमलाकर शेठनी तिला थांबवलं. "उद्या शुक्रवार. उद्या जर हे परत बंद पडलं, तर शैलेशला सांग, मी दुसरा कुणीतरी बघतो."

हेतलने हेल्मेटचा पट्टा आवळला. शैलेश सरांच्या कामोठ्यातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला चार मुलगे होते, ती एकटीच मुलगी. हे पहिलं ऑफिस सरांनी पूर्ण तिच्यावर सोपवलं होतं.

शुक्रवारी ती फोनची वाट न बघता बारालाच आली आणि सर्व्हरसमोर खुर्ची ओढून बसली.

"आज हे बंद पडेपर्यंत मी हलणार नाही."

"आणि नाही पडलं तर?" निकेशने विचारलं.

"तर संध्याकाळपर्यंत बसेन."

"मग नाहीच पडू दे."

हे त्याने स्क्रीनकडे बघत म्हटलं. हेतलनेही मान वर केली नाही, पण तिचे कान गरम झाले. बाहेर ट्रेलरच्या ताडपत्रीवर पाऊस वाजत होता.

"तुम्हाला काही काम नाही का?"

"आहे ना. पण तुम्हाला काही लागलं तर..."

"मला काय लागणार?"

"चहा... स्क्रू ड्रायव्हर..." तो जरा थांबला, "सोबत."

"सोबत नको. परत जाताना करंजाड्यापर्यंत पाऊस थांबला तरी पुरे."

"करंजाडे? तिथेच राहता?"

"जन्मापासून. का?"

"काही नाही... असंच विचारलं."

स्क्रीनवर कागदांची नावं येत होती, जात होती. साडेबारा वाजले. एकेक जण डबा घेऊन मागच्या खोलीत गेला. बारा एकतीसला रांगेत एक लांबलचक नाव आलं... आणि रांग तिथेच थांबली. लाल खूण.

"सापडलं!" हेतल जवळजवळ उडालीच. तिने मशीनमधल्या जुन्या नोंदी उघडल्या. सोमवारपासून रोज, त्याच वेळेला, तीच फाइल. ती मोठ्याने वाचू लागली. "निकेश... भोईर..." आवाज एकदम खाली आला. "लग्नाचा बायोडेटा... फायनल... सात."

निकेशचा चेहरा पांढराफटक. "हे... हे मी नाही पाठवलं. शप्पथ!"

हेतलने ती ओळ पुन्हा वाचली. म्हणजे मुली बघणं चालू आहे. सातवी आवृत्ती निघेपर्यंत चालू आहे. आणि आपण काजळ लावतोय!

"आनंदाकाकांच्या टेबलावरून आलीय," ती कोरडेपणाने म्हणाली.

आनंदाकाका ऑफिसातले सगळ्यात जुने, निकेशच्याच गावचे. नोंदवहीआडून त्यांचे डोळे तेवढे दिसत होते.

"आमी काय करनार?" ते पुटपुटले. "रविवारी ह्याच्यासाठी पोरगी बघायला जायचं हाय. हातात बायोडेटा नको? समदे जेवायला गेले की पाठवतो, पन कागद काय येतच नाय. म्हनून रोज परत पाठवतो."

हेतलने फाइल उघडून पाहिली. चारही कोपऱ्यांत गणपती, सोनेरी वेलबुट्टी आणि स्टुडिओतला भलाथोरला फोटो. एका पानाच्या कागदाचं वजन एवढं, की बिचारं जुनं मशीन ते उचलताना रोज कोसळत होतं.

तेवढ्यात कमलाकर शेठ आत आले. "झालं परत बंद? कारण काय?"

"एक फार मोठी फाइल येत होती," हेतल म्हणाली.

"कुणाची?"

काकांच्या हातातलं पेन खाली पडलं. खासगी कागद छापल्याबद्दल शेठनी त्यांना मागच्याच महिन्यात सगळ्यांसमोर झापलं होतं, शेवटचं सांगतो म्हणून. हेतल काही बोलणार, इतक्यात निकेश पुढे झाला.

"माझी, शेठ. माझाच बायोडेटा आहे."

"चार दिवस ट्रेलर अडकवलेस... स्वतःच्या लग्नासाठी?" शेठचा आवाज चढला. "उद्यापासून महिनाभर सकाळी सातला ऑफिस तू उघडायचंस. समजलं?"

"हो शेठ."

"आणि तू गं, हे परत होणार नाही ना?"

"नाही. एवढी मोठी फाइल आली तर मशीन ती आता घेणारच नाही. तशी सोय करतेय."

"बरं. शैलेशला सांग, काम तुमच्याकडेच राहील." शेठ निघून गेले.

काकांचे डोळे भरून आले होते. "पोरा, माझ्यापायी तू..."

"काका, जेवा तुम्ही. डबा गार होतोय."

हेतल त्याच्याकडे बघतच राहिली. तो काहीच घडलं नसल्यासारखा प्रिंटरमध्ये कागद भरत होता.

"काका, ती फाइल लहान करून देते तुम्हाला," ती म्हणाली. तिने फोटो आटोपशीर केला. वाचायचं नाही असं ठरवलं होतं, तरी नजर शेवटच्या ओळीवर गेलीच. "अपेक्षा... मुलगी गोरी, उंच, घरकामाची आवड असलेली. नोकरी नको." तिने खुर्ची फिरवली. "असं हवंय तुम्हाला?"

"मी आज पहिल्यांदा वाचतोय हे."

"मग बदला. बसलेच आहे कीबोर्डसमोर. सांगा."

निकेशने काकांकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि मग तिच्याकडे.

"लिहा... मुलगी नोकरी करणारी."

टक टक टक.

"लग्नानंतरही करणारी. आणि... काही बिघडलं, तर कारण सापडेपर्यंत जागचं न हलणारी."

हेतलची बोटं मंदावली. "पुढे?"

"गाव... करंजाडे."

बोटं थांबली.

"असं गावाचं नाव घालतात का कुणी?" ती स्क्रीनकडेच बघत म्हणाली. "बाकीच्या गावांतल्या मुलींनी काय करायचं?"

"त्यांना द्यायचाच नाहीये."

"मग... किती प्रती काढू?"

"एक."

तिने बटण दाबलं. ना लाल खूण, ना घरघर. कोमट कागद अलगद बाहेर आला. हेतलने तो जपून दुमडला आणि आपल्या बॅगेत ठेवला.

"आरं, पन मंग रविवारी जायचं कुठं?" आनंदाकाका गोंधळून म्हणाले. "त्या लोकांना काय सांगू?"

निकेश नुसता हेतलकडे बघत राहिला. तिने हेल्मेट उचललं, दारापर्यंत गेली, वळली.

"बाबा रविवारी अकरानंतर घरी असतात," ती म्हणाली. "काकांना घेऊन ये."

'या' म्हणायचं होतं, 'ये' निघून गेलं. ते दुरुस्त करायला ती थांबली नाही.