डावीकडचे दोन टायर

त्याने माझ्या गाडीत हवा भरायला चक्क नकार दिला, तिथून हे सगळं सुरू झालं.

माझी म्हणजे खरं तर मामाची गाडी. तिशी ओलांडलेली, दोनच माणसांची, टप मागे दुमडणारी लाल स्पोर्ट्स कार. इतकी बुटकी की तिच्यात बसत नाहीत, उतरतात. गुडघ्यांनी दगा दिल्यावर मामा तिच्यात उतरायचा, पण वर यायला त्याला दोन माणसं लागायची. मग एक दिवस त्याने किल्ली माझ्या हातावर ठेवली. "ठमे, सांभाळ हिला," एवढंच म्हणाला. मी ती धुऊनपुसून सांभाळत होते. त्या दिवशी पेट्रोल भरलं, आता हवाही भरून घेऊ म्हणून समोरच्या टायरच्या दुकानात शिरले.

आतून तो आला. हात कोपरापर्यंत काळे, शर्ट मात्र कडक इस्त्रीचा. हवेचा पाइप घेऊन पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला, टायरमध्ये अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं आणि उठून पाइप परत खिळ्याला अडकवला.

"काय झालं?"

"यात हवा भरायची माझी हिंमत होत नाही."

"का? नक्षी बघा की, जशीच्या तशी आहे!"

"नक्षी आहे. रबर नाही. त्याचं लाकूड झालंय." मग जरा थांबून, "तुम्ही काय करता?"

"औषधांचं दुकान आहे माझं." आवाजात जरा तोरा होता, खोटं कशाला बोलू?

"वा! मग एक्सपायरी वाचता येत असेल." त्याने टायरच्या कडेवरच्या चार आकड्यांवर बोट ठेवलं. "पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष."

मी वाकून वाचलं. हिशेब केला. अकरा वर्षं! दिवसभर लोकांना तारीख बघून औषध घ्या म्हणून बजावणारी मी... लोका सांगे ब्रह्मज्ञान! कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तो हसला असता तर मी भांडले असते, पण तो हसला नाही. त्याने अखेर बेताची हवा भरली आणि म्हणाला, "हळू न्या. चाळीसच्या वर नको. आणि घरी पोचलात की फोन करा."

"टायरवाल्याला?"

"टायरची काळजी वाटते हो..." तो म्हणाला, आणि नजर माझ्यावरून काढून चाकावर नेली, पण जरा उशिराच.

टायर घेणं म्हणजे मापाचे चार उचलायचे आणि निघायचं, असं मला वाटत होतं. दुसऱ्या दिवशी गेले तर त्याने मला समोर बसवून मुलगी बघायला आल्यासारखे प्रश्न विचारले. गाडी कोण चालवणार? कुठल्या रस्त्याने? पावसात बाहेर काढणार का? शेजारी कोण बसतं?

"शेवटच्या प्रश्नाचा टायरशी काय संबंध?"

"वजन... वजन कळायला हवं ना."

"मामा बसतो. अठ्ठ्याहत्तर किलो. आणखी कोणी नाही."

"आणखी कोणी नाही," त्याने वहीत लिहून घेतलं. अगदी लक्षपूर्वक.

मी त्याला मामाची इच्छा सांगितली. महिन्याभराने मामाच्या गुडघ्यांचं ऑपरेशन होतं. त्यानंतर इतक्या खोल सीटवर बसायला डॉक्टर कधी परवानगी देतील, देतील की नाही, कुणालाच सांगता येत नव्हतं. त्याआधी एकदा गाडीने घाट चढून माथ्यावर जायचं, एवढंच मामाला हवं होतं.

मला भावले ते टायर रुंद, पातळ कडेचे, एकदम रुबाबदार होते. त्याने मान हलवली. "दिसतील झकास. पण रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट मामांच्या गुडघ्यात जाईल."

"मग हे?"

"हे कडक आहेत. झिजणार नाहीत, पण ओल्या रस्त्यावर थांबणारही नाहीत." मग त्याने एक छापील पान उलगडून पुढे सरकवलं. "हे बघा. गाडी नवी होती तेव्हाच्या मापाचे. रबर मऊ. आता फार कमी बनतात, मागवावे लागतील. तीन आठवडे थांबायची तयारी आहे?"

"आहे," मी म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की आम्ही दोघंही त्या पानाकडे बघत बसलो.

"यांना दिशा असते," तो चित्रातल्या टायरच्या कडेवरच्या बाणावर बोट ठेवून म्हणाला. "चाक पुढे जातं तिकडेच बाण हवा. उलटा बसला तर पाणी बाहेर टाकायच्या ऐवजी आत ओढून घेतो, आणि गाडी घसरते. माझे वडील म्हणायचे, उलटा बाण लावणाऱ्याच्या हातात पुन्हा पाना देऊ नये."

ते तीन आठवडे मोठे मजेचे गेले. दर दोन दिवसांनी मी "आले का टायर?" विचारायला जायची. फोन होता, पण फोनवर नीट ऐकू येत नाही ना! आणि मधल्या दिवशी तो माझ्या दुकानात यायचा. कधी खोकल्याच्या गोळ्या, कधी चिकटपट्टी, कधी डोकेदुखीचा बाम. पठ्ठ्याला खोकला नव्हता, जखम नव्हती, आणि डोकं तर ठणठणीत होतं.

"इतका बाम लावता कुठे?" एकदा मी विचारलंच.

"साठवतो. पुढे कधी डोकं दुखलं तर..."

"एक्सपायरी बघत जा मग."

"तुम्ही बघून देता ना," तो म्हणाला. त्या दिवशी मी गिऱ्हाइकांच्या पिशव्या दोनदा चुकवल्या.

घरी मामा सगळं ओळखून होता. "काय म्हणतो तुझा चक्रपाणी?" असं विचारायचा आणि पेपरमागे तोंड लपवायचा. मी फणकारायची. पण आतून एक भीती मला पोखरत होती. टायर आले, बसले, की माझं तिथलं काम संपणार. ना त्याने काही विचारलं होतं, ना मी सांगितलं होतं. सगळं त्या चार टायरांच्या भरवशावर चाललं होतं.

आणि एका शुक्रवारी ते आले. बाहेर भुरभुर पाऊस होता, पत्र्यावर त्याचा बारीक आवाज येत होता, आणि दुकानभर नव्या रबराचा उग्र वास. मला तो आवडायला लागला होता. त्याने उजवीकडची दोन चाकं घातली. तिसऱ्याचा टायर रिमवर चढवत असताना मी सहज म्हटलं, "झालं म्हणजे आता. पाच वर्षं इथे यायला नको."

त्याचे हात थांबले. "पाच... नीट चालवलीत तर सहासुद्धा."

"सहा."

"हो."

 त्याने खाली मान घालून उरलेलं काम उरकलं. मग म्हणाला, "गाडीचा एक फोटो काढू? दुकानात लावायला. तुम्हीही उभ्या राहा शेजारी... म्हणजे उंचीचा अंदाज येतो."

मी डावीकडे उभी राहिले. फोटो झाला. सहज खाली पाहिलं. बाण उलटा होता. पुढचा उलटा, मागचाही उलटा. चारही टायर उजवीकडचे असल्यासारखे चढवले होते त्याने.

मी बोलायला तोंड उघडलं. आणि मिटलं. कारण त्या क्षणी मला एवढंच दिसलं की परत यायला कारण मिळालं! सोमवारी ऐटीत यायचं, "अहो, बाण उलटे" म्हणायचं, त्याची फजिती बघायची. तोवर गाडी काढायचीच नाही. चूक त्याची होती, पण मूग गिळून मी हळूहळू गाडी घरी आणली.

घरी मामा दारातच उभा. "ठमे, दवाखान्यातून फोन होता. ऑपरेशन सोमवारीच करायचं म्हणतात. तेव्हा परवा, रविवारी सकाळी, घाट."

शनिवारी मी त्याच्या दुकानाला फोन लावला तर तो माल आणायला बाहेरगावी गेलेला. रविवारी दुकान बंदच. सकाळी ढग उतरलेले, रस्ते ओले, आणि मामा टोपी घालून तयार. मी चहाचा कप खाली ठेवला आणि त्याला सगळं सांगून टाकलं.

"तुला तिथेच दिसलं होतं?" मामाने विचारलं.

"हो."

"आणि तू बोलली नाहीस. एरवी तुझं बोलणं थांबवायला औषध द्यावं लागेल, आणि तू गप्प!" मामा कधी नव्हे तो गंभीर झाला. "का, ते मला नको सांगूस. ज्याला सांगायचं त्याला सांग."

तेवढ्यात फाटकाशी स्कूटर थांबली. टायरच्या पावतीवरचा पत्ता शोधत तो आला होता. शर्टाला इस्त्री नव्हती.

"गाडी काढू नका!" धापा टाकतच तो म्हणाला. "डावीकडचे दोन्ही मी उलटे बसवलेत. काल रात्री परत आलो, फोटो बघत होतो, तेव्हा..."

"टायरचा फोटो?"

त्याने मामाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "टायर नंतर दिसले," तो म्हणाला.

बंद दुकान त्याने आमच्यासाठी उघडलं. पुढे त्याची स्कूटर, मागे आम्ही, बैलगाडीच्या वेगाने गेलो. मामाला बाहेर खुर्ची दिली. आत त्याने पहिलं चाक काढलं आणि म्हणाला, "बारा वर्षांत एकदाही झालं नव्हतं असं. वडील असते तर पाना काढून घेतला असता. तुम्हाला काही झालं असतं तर मी..."

मला आता राहवेना. "मला माहीत होतं. फोटोच्या वेळीच दिसलं."

तो सावकाश उभा राहिला. "दिसलं? आणि बोलला नाहीत?"

"नाही."

"मी चुकलो ते कळत नसताना. तुम्हाला कळत होतं!" पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "आज मामा बसणार होते त्यात. ओल्या घाटात. गंमत वाटली तुम्हाला?"

प्रत्येक शब्द खरा होता. डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलं नाही. इथून निमूट बाहेर पडले तर सहा वर्षं नाही, कधीच येणं होणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

"गंमत नव्हती," मी म्हणाले. "बोलले असते तर तुम्ही दहा मिनिटांत बदलून दिले असते. मग मी परत कशाला आले असते? कुठलं कारण काढलं असतं? मला टायरचं काहीच पडलेलं नव्हतं. तुम्हाला भेटायचं होतं. पुन्हा पुन्हा भेटायचं होतं. चुकलंच माझं. आज गाडी काढणार नव्हते, मामाला सांगितलंय. पण शुक्रवारी बोलायला हवं होतं."

 त्याने चाक यंत्रावर ठेवलं, टायर उतरवला, फिरवला, चढवला. बाण पाहिला. पुन्हा पाहिला. तिसऱ्यांदा पाहिला. दुसऱ्या चाकाचंही तसंच. मी भिंतीशी उभी राहून त्याचे हात बघत होते.

शेवटचा नट आवळून तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "बघून घ्या."

मी वाकून पाहिलं. "बरोबर आहे."

"चूक दिसली की ओरडायचं माझ्यावर. तिथल्या तिथे. हे पहिलं." त्याने काळे हात फडक्याला पुसले, उगाच, पुसलेलेच पुन्हा पुसले. "आणि दुसरं... रविवारी माझं दुकान बंद असतं. कुणाचं काही काम नसतं माझ्याकडे. त्या दिवशी भेटाल?"

"पुढच्या रविवारी मी दवाखान्यात असेन. मामापाशी."

"अहो, अजून इथेच आहे मामा!" बाहेरून आवाज आला. "घाट तेवढा दाखवा, मग काय ते ठरवा!"

घाट आम्ही चढलो. वळणावळणावर ओला रस्ता, आणि गाडी एकदाही डगमगली नाही. मामा डोळे मिटून बसला होता आणि हसत होता. माथ्यावर पोचलो तेव्हा ढगाखाली काहीच दिसत नव्हतं, तरी तो म्हणाला, "मनासारखं झालं गं."

पुढच्या रविवारी दुपारी तो दवाखान्यात आला. दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या बांधलेला मामा पलंगावर टेकून बसला होता.

"या चक्रपाणी! काय काम काढलंत?"

"काही नाही," तो म्हणाला. हातात पिशवी नव्हती, विचारायला टायर नव्हते, बामसुद्धा नको होता. खुर्ची ओढून तो माझ्या शेजारी बसला. थोड्या वेळाने, मामाचा डोळा लागल्यावर, हळूच म्हणाला, "दमलीस ना तू?"

त्याने मला 'तू' म्हटलं ते नंतर, घरी जाताना माझ्या लक्षात आलं. त्या वेळी मी फक्त मान हलवली आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं.