मोजपट्टीचे दुसरे टोक

जो आतही आहे आणि बाहेरही आहे, ज्याला कोणतेही दार अडवीत नाही आणि जो शरण आलेल्याला दारात अडवीत नाही, त्या जगन्नियंत्याला आधी हात जोडू या. त्याचे नाव ओठांवर असले की अंधाराची गोष्ट सांगणाऱ्याचा जीव थाऱ्यावर राहतो, आणि ऐकणाऱ्याचाही. आता दिवा जरा बारीक करा. धाकट्याला मध्ये घ्या, नाहीतर उद्या त्याची आई आमच्या नावाने खडे फोडील.

"आजोबा, खरी आहे ना पण?"

बाळा, ज्याच्यावर ती गुदरली तो गृहस्थ अजून हिंडता-फिरता आहे. त्याने ती एकदाच सांगितली, आणि सांगताना पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरला होता. तू ऐक, आणि मग ठरव.

हा गृहस्थ नोकरीने इमारतींचे नकाशे काढणारा. सुतार मंडळी इंचाच्या आठव्या हिश्श्याला सूत म्हणतात. याला एका सुताचाही फरक खपत नसे, म्हणून मित्रांनी त्याचे नाव सूतराव ठेवले आणि पुढे तेच रूढ झाले. सूतरावाला नाद होता जुन्या मालगाड्यांचा. मालगाडीच्या डब्याला जुने लोक वाघीण म्हणतात. अशा जुन्या वाघिणींची तो तळहातावर मावेल एवढी हुबेहूब प्रतिकृती करी. पितळेच्या पत्र्यातून केसाएवढ्या कड्या कापायच्या, लाकडाच्या चिपांना गंजाचा रंग द्यायचा, आणि मूळ डब्याला जेवढे रिव्हेट तेवढेच यालाही हवेत. पण खरे कष्ट त्याच्याही आधीचे असत. डबा कोणत्या साली बांधला, फळ्या उभ्या होत्या की आडव्या, हे शोधण्यासाठी त्याने निवृत्त गार्डांच्या घरी इतका चहा ढोसला होता, की त्यांच्या बायका त्याला पाहताच आधण ठेवीत.

त्याची पत्नी म्हणे, "इतर बायकांच्या नशिबी एखादी सवत. माझ्या नशिबी छत्तीस वाघिणी."

बोलायची असे, पण मोजमाप घेताना पट्टीचे दुसरे टोक तीच धरी. तिच्याइतके स्थिर टोक धरणारे माणूस मिळायचे नाही, असे तो चारचौघांत सांगे.

एका जातीच्या बंद वाघिणीने मात्र त्याला बारा वर्षे झुलवले होते. तिचे मूळ नकाशे नष्ट झालेले. हाती होते ते एकच छायाचित्र, तेही बाहेरून काढलेले. त्यावरून त्याने तिची बाहेरची बाजू तोंडपाठ केली होती. दाराचा आडवा लोखंडी दांडा तर त्याने घासून घासून दोनदा बनवला. आतल्या बाजूचे मात्र काहीच ठाऊक नव्हते.

डिसेंबरातला पहिला शनिवार होता. त्यात अमावस्या. दुपारी एका भंगारवाल्याचा फोन आला. शहराबाहेरच्या त्याच्या आवारात तसलीच एक वाघीण, चाके काढून, जमिनीवर कित्येक वर्षे पडून होती. "उद्या सकाळी गॅसकटर लावतोय. बघायची तर आज बघा."

सूतराव उठलाच. पत्नीचा पाय मुरगळून सुजला होता. ती खुर्चीतूनच म्हणाली, "येऊ का मी लंगडत?"

"अगं, बस तू. पाय बघ आधी."

"मग टोक कोण धरणार?"

"एखाद्या खिळ्याला अडकवीन."

"बरं. आणि दम्याचा पंप?"

"स्कूटरच्या डिकीत आहे."

"डिकीला दमा आहे का? खिशात ठेवा."

तो हसला, हो म्हणाला, आणि पंप डिकीतच राहिला.

आवारातला म्हातारा पहारेकरी गमत्या होता. "साहेब, इथं लोक माल वजन करायला आणतात. माप घ्यायला आलेले तुम्हीच पहिले. घ्या सावकाश. दहाला माझी पाळी संपते. दुसरा येईल, त्याला सांगून जातो."

सांगायचे तो विसरला. त्यात त्याचा काही वाईट हेतू नव्हता. माणूस आहे, विसरतो.

गाड्यांच्या सांगाड्यांच्या दोन ढिगांमध्ये ती वाघीण उभी होती. सूतरावाने आधी बाहेरची मापे घेतली. प्रत्येक माप त्याच्या अंदाजाशी जुळत गेले, आणि बारा वर्षांचे सार्थक झाल्यासारखे त्याला वाटले. दाराला दोन कवाडे. त्यांतले एक उघडे होते. अंधार पडल्यावर तो आत शिरला. आत जुन्या सिमेंटची धूळ आणि गंजाचा वास. फोनचा दिवा लावून तो वरच्या खिशात ठेवला आणि कामाला लागला. वेळ कसा गेला, त्याचे त्यालाच कळले नाही.

दाराच्या आतल्या बाजूला, दोन कवाडे मिळतात त्या सांध्यापाशी, छातीच्या उंचीवर लाकूड वाटीसारखे झिजलेले होते. 'पोती घासून झीज' अशी त्याने नोंद केली. प्रतिकृतीत ही झीज दाखवायचीच, असेही ठरवले.

मग आतली लांबी. पट्टीचे टोक अडकवायला खिळाच सापडेना. फटीत खुपसले, ते निसटले. पुन्हा खुपसले, पुन्हा निसटले. कागदावर डोळे लावून, वर्षानुवर्षांच्या सवयीने तो म्हणाला,

"धर गं जरा."

पट्टी ताठ झाली.

त्याने आकडा वाचला, लिहिला. "सोड." पट्टी सरसरत डबीत परतली. मग रुंदी. "धर." ताठ. "सोड." मग छताची कमान. "जरा वर धर." टोक वर गेले. काम कसे लोण्यातून सुरी फिरावी तसे चालले होते. शेवटी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे तिरके माप. "धर. अजून थोडं मागे. हां, बस्स."

आकडा लिहिता लिहिता त्याच्या मनात आले, ही इतका वेळ उभी आहे, हिचा पाय दुखत असेल.

पेन्सिल थांबली.

ती तर घरी होती.

त्याने फोन खिशातून काढला. हळूच वर केला. उजेड पट्टीवरून पुढे सरकत गेला. पिवळी पट्टी सरळ, एका रेषेत, समोरच्या कोपऱ्यापर्यंत. तिथे खिळा नव्हता. फट नव्हती. माणूस नव्हता.

पट्टी ताठ होती. आणि हाताने धरलेली पट्टी थरथरते, तशी किंचित थरथरत होती.

"सोड..."

सुटली नाही.

त्याच क्षणी बाहेर खडीवर पावले वाजली. नवा पहारेकरी फेरीला निघाला होता. आत कुत्री शिरतात म्हणून त्याने आत न पाहताच उघडे कवाड ढकलले. वरून लोखंडी दांडा आकड्यात पडला. खण्ण. सूतरावाने ओरडायला तोंड उघडले. आवाज फुटला नाही. बोबडीच वळली होती. आवाज आला तेव्हा पावले लांब गेली होती, आणि त्या पोराच्या कानांत गाणी चालू होती.

सूतराव दारावर धडकला. लाथा मारल्या. दार जागचे हलले नाही. आतून उघडायला कडी नव्हती. असणार कशी? वाघीण मालासाठी असते, आणि माल कधी आतून दार उघडीत नाही. फोनला रेंज नव्हती. लाथांनी धूळ उठली. ती छातीत गेली.

...आणि छातीत शिटी वाजू लागली.

ही शिटी त्याच्या ओळखीची होती. पंप स्कूटरमध्ये. स्कूटर फाटकाशी. सकाळपर्यंत हा श्वास पुरणार नाही, हे त्याला कोणी सांगायला नको होते.

बॅटरी संपत आली, फोनचा दिवा मंद झाला. मग विझला.

अंधार... असा की डोळे उघडे आहेत की मिटलेले, तेही कळेना. आणि त्या अंधारात पट्टी एकदा ओढली गेली. हळूच. कोणी बाही धरून बोलवावे तशी. मग पुन्हा. त्याने डबी टाकून द्यायला हवी होती. पण बोटे उघडेनात. तो दाराला पाठ लावून घसरत खाली बसला. उठायला आधार म्हणून एक हात डोक्यावर दाराला लावला. हाताला ती वाटीसारखी झीज लागली.

बसल्या बसल्या त्याने ती चाचपली. चार खोलगट चऱ्या. शेजारी शेजारी. त्याने आपली चार बोटे त्यांत ठेवली.

ती बरोबर बसली.

पोत्यांना बोटे नसतात, बाळांनो.

"आजोबा, कोण होतं मग ते?"

ते त्यालाही कळले नाही, आणि कळेल असा कागद कोणाकडे नाही. पोती रचता रचता मागे डुलकी लागलेला एखादा हमाल असेल. बाहेरच्यांनी दार लावले असेल, दांडा टाकला असेल, आणि वाघीण कुठल्या आडमार्गी रुळावर उभी राहिली असेल. आपण तरी काय सांगणार.

त्या क्षणी सूतरावाचे भय गेले असे नाही. पण भयाच्या शेजारी आणखी काहीतरी येऊन बसले. लहानपणापासून घेतलेले नाम त्याच्या ओठांवर आपसूक आले. श्वास पुरेना, म्हणून अर्धेच आले. मग तो अंधाराला म्हणाला,

"दादा... ही बोटं तुझी का?"

पट्टी हलली. एकदा.

"किती दिवस... होतास इथं?"

पट्टी हलली नाही. बराच वेळ हलली नाही.

"ऐक. मला श्वास... नाही. हे दार मला... ठाऊक आहे. दांडा कुठं आहे, ठाऊक आहे. पट्टी सोड. दोघं जाऊ."

पट्टी सैल पडली.

आता नीट ऐका. दोन कवाडांच्या मध्ये बारीक फट होती. पट्टी जाईल, बोट जाणार नाही अशी. तो दांडा छातीच्या उंचीवर, सांध्यावर आडवा पडतो, हे त्याने दोनदा घासून बनवल्यामुळे बोटांना पाठ होते. त्याने पट्टीचे टोक दांड्याच्या वरून बाहेर सरकवले. ते पलीकडे खाली लोंबले. आता तेच टोक दांड्याच्या खालून पुन्हा आत आले, तर झोळीत मूल उचलावे तसा दांडा वर उचलता येईल. पण लोंबणारे टोक आत घेणार कोण? त्याने करंगळी फटीत घातली. कातडे सोलले. पुन्हा घातली. छातीत आता शिटीही वाजत नव्हती. नुसती घरघर.

तो फटीला कपाळ टेकून म्हणाला,

"माझं बोट जात नाही, दादा... तुझं जाईल का?"

त्याच्या खांद्याला काहीतरी गार लागून पुढे गेले.

पट्टी बाहेरच्या बाजूने लाकडावर खरवडली. थांबली. पुन्हा खरवडली.

"धर," तो कुजबुजला. "धर..."

आणि दांड्याखालच्या फटीतून पट्टीचे टोक आत आले. थेट त्याच्या तळहातात.

दोन्ही टोके मुठींत धरून त्याने अंगात होते नव्हते तेवढ्या बळाने वर ओढले. तळहातांतून रक्त आले. दांडा कुरकुरला. अडला. मग आणखी एक जोर लागला. तो त्याचा नव्हता, हे तो शपथेवर सांगतो. दांडा सुटला. दार बाहेर उघडले, आणि दारासोबत सूतराव खडीवर.

तो हातांपायांवर रांगत स्कूटरपर्यंत गेला. डिकी. पंप. एक झुरका... दुसरा. आकाश दिसले. श्वास आला.

कोणीही तिथूनच पळाले असते. तो परत वळला. वाघिणीपाशी गेला. दाराची दोन्ही कवाडे सताड उघडली, वाऱ्याने मिटू नयेत म्हणून दोन्हींना दगड लावले, आणि आतल्या काळोखाला म्हणाला,

"ये, दादा. दार उघडं आहे."

काही दिसले नाही. काही ऐकू आले नाही. मापांचा कागद आत आणि पट्टी दाराशी पडली होती. त्याने दोन्ही तिथेच राहू दिले.

घरी पोचला तेव्हा पत्नी जागी होती. त्याचे तळहात पाहून ती लंगडतच उठली. हळद लावली, पट्ट्या बांधल्या, आणि एवढेच म्हणाली, "पुढच्या वेळी मी लंगडत येईन." त्याला खोलीत झोपवून ती बाहेरच्या कोचावर आडवी झाली; पाय उशीवर ठेवावा लागत होता ना.

सकाळी ती चहा घेऊन आत आली आणि उंबऱ्यातच थबकली.

"अहो, ही कशी उघडलीत?"

त्या खोलीला पलंगाच्या उशाशी एक खिडकी होती. त्यांच्या आधीच्या मालकाने ती बंद करून वरून रंग दिलेला. यांनी दोनदा दिला. सुताराने पटाशी लावूनही ती उघडली नव्हती, आणि शेवटी हात टेकले होते. आता तिची दोन्ही दारे भिंतीला टेकली होती. सकाळची गार हवा सरळ सूतरावाच्या तोंडावर येत होती.

तो उठला. चष्मा लावला. खिडकीच्या कडांवरून बोट फिरवले, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. तिन्ही थरांचा रंग जसाच्या तसा होता. कुठे तडा नाही, कुठे टवका नाही.

"मी नाही उघडली," तो म्हणाला.

दोघेही त्या खिडकीकडे पाहत उभे राहिले. चहा निवला.

बाळांनो, तो दयाघन तुम्हा सर्वांना मोकळा श्वास देवो. तुमच्यापैकी कोणी कधी कोंडला गेला, तर त्याची हाक कोणाच्या तरी कानी पडो. आणि तुमच्या दाराशी कोणी हाक दिली, तर तुमचा हात कडीकडे आधी जावो. ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या घरी आज सुखाची झोप उतरो, आणि ज्याचे कोणी नाही, त्यालाही ती मिळो.