अज्ञात अल्बम

"ती श्वास घेत नाहीये गं," आई म्हणाली.

संगणकाच्या दोन छोट्या स्पीकरांतून धाकटी गात होती. धाकटी जाऊन वर्ष होत आलं होतं. खोलीत दुपारचं ऊन पसरलेलं, आईच्या मांडीवरची शाल घसरून जमिनीवर आलेली, आणि ज्या डोळ्यांना आता उजेड आणि काळोख एवढाच फरक कळत होता ते डोळे स्पीकरांकडे लावून, मान किंचित तिरकी करून आई बसली होती... जन्मभर शिष्यांचं गाणं ऐकताना बसायची तशीच.

थोरलीने आवाज कमी केला. "कोण श्वास घेत नाही, आई?"

"माझी पोर. ही ओळ संपली, पुढची सुरू झाली. मधे श्वास कुठाय? जिवंत माणूस असं गातं का?"

थोरलीच्या छातीत कुणीतरी दार लावून घेतल्यासारखं झालं.

चित्र: एकच, सगळ्यांना

हे सगळं सुरू झालं सीडी प्लेअर मेला तेव्हा. आईचा जीव त्या प्लेअरमध्ये अडकलेला. धाकटीच्या एकुलत्या एका अल्बमची डिस्क आणि आईने शिष्यांसाठी भरून ठेवलेल्या शिकवणीच्या घरगुती डिस्क, एवढाच आता तिचा दिवस होता. मग धाकटीचा नवरा धावून आला. तो संगणक दुरुस्त करायचा आणि घरात त्याला सगळे इंजिनिअर म्हणायचे, सासूसुद्धा. थोरली घरी बसून डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट टाइप करायची, तिच्या संगणकावर त्याने सगळ्या डिस्क उतरवून दिल्या.

"एवढ्याशा जागेत तुमची सगळी गाणी बसवतो की नाही बघा," तो म्हणाला होता. "वर भाड्याने द्यायला एक खोली शिल्लक राहील."

आईला गाणं लावता यावं म्हणून त्याने मोठ्या बटणावर चिकटपट्टीचा तुकडा लावला. आणि अल्बमच्या कव्हरचा फोटो काढून फाइलीला जोडला... तंबोऱ्यावर गाल टेकलेली, हसू आवरत असलेली धाकटी.

दुसऱ्या दिवशी थोरलीने आईची शिकवणी लावली, तर पडद्यावर धाकटी. दुसरी शिकवणी लावली, धाकटी. आईचा चाळिशीतला खणखणीत आवाज "पुन्हा म्हण" म्हणत होता आणि वर धाकटी हसू आवरत होती. थोरलीने चित्र पुसलं. चहा टाकून परत आली तो ती पुन्हा तिथेच. संगणक बंद करून सुरू केला, तरी तिथेच. ज्या ज्या आवाजाला स्वतःचं तोंड नव्हतं, त्या प्रत्येकाला मेलेल्या बहिणीचं तोंड आलं होतं.

तिने फोन केला तेव्हा इंजिनिअर हसला. "भूत नाहीये, ताई. घरगुती डिस्कवर नावं नसतात आणि आपला अल्बम इंटरनेटवरच्या यादीत नाही. त्यामुळे प्रोग्रामने सगळं 'अज्ञात अल्बम' नावाच्या एकाच फोल्डरमध्ये कोंबलं. त्याच्या लेखी हा सगळा एकच अल्बम, म्हणून एकच चित्र. तुम्ही वरवर पुसता, पण चित्राची एक फाइल आत लपून असते. लपलेल्या फाइली दाखवा असं सेटिंग करा, दिसेल. ती उडवा."

तिने सेटिंग बदललं. इतका वेळ रिकाम्या दिसणाऱ्या जागेत एक फिकट, धुरकट चौकोन उगवला. त्यातही धाकटीच. थोरलीने त्यावर बाण नेला... आणि तसाच मागे घेतला. बहिणीला दुसऱ्यांदा उचलून बाहेर नेण्याचं बळ तिच्यात नव्हतं.

आकार: लहान

"श्वास?" इंजिनिअर आज फोनवर म्हणाला. "फाइली मी फार बारीक केल्यात, त्याने झालं असेल. जागा वाचवायची म्हणजे कानाला फारसं जाणवत नाही ते प्रोग्राम काढून टाकतो. वरचे बारीक आवाज, सुस्कारे, खसखस. गाणं शाबूत राहतं."

"आणि श्वास जातो."

"अहो, श्वास कोण ऐकतं? पण आईंना हवा असेल तर सोपं आहे. मूळ डिस्क परत उतरवा, फक्त एमपीथ्रीच्या जागी वेव्ह निवडा. फाइल हत्तीएवढी होईल, पण डिस्कवर आहे त्यातला कणही सुटणार नाही."

कणही सुटणार नाही... नेमकं तेच तर तिला नको होतं.

कित्येक वर्षांपूर्वी, अल्बमचं काम अर्ध्यावर आलं होतं तेव्हा धाकटीचा घसा गेला. घशात गाठी, महिनाभर बोलायचंही नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. रेकॉर्डिंगवाला थांबायला तयार नव्हता. धाकटी रात्रंदिवस पाटीवर एकच वाक्य लिहून दाखवत होती, "आईला कळू देऊ नकोस." दोघी बहिणींचा आवाज एका साच्यातला. थोरलीने जाऊन उरलेली गाणी गायली, त्यातलंच शेवटचं गाणं लोकांच्या तोंडी बसलं, आणि त्या गाण्याने धाकटीचं नाव झालं.

त्यानंतर थोरली कुठेही गायली नाही. शिष्यांच्या बैठकीत नाही, ओट्याशी नाही, न्हाणीघरातसुद्धा नाही. तिने तोंड उघडलं असतं तर लोकांनी ओळखलं असतं, आणि बहिणीच्या डोक्यावरचा मान मातीत गेला असता. आईला तिने एवढंच सांगितलं, "आता गावंसं वाटत नाही." आई म्हणाली होती, "धाकटीचं कौतुक बघवेना, असं सरळ म्हण."

त्या दिवसापासून दोघी एका छताखाली राहिल्या, गोळ्यांच्या वेळा बोलल्या, दुधाचा हिशोब बोलल्या. बाकी काही नाही.

आणि आता आईला श्वास हवा होता. दोघींना ओळखण्याची ती एकच खूण होती. लहानपणी थोरलीची छाती कफाने भरायची, तेव्हापासून ती श्वास दोन घोटांत घ्यायची, एक तोकडा, लगेच दुसरा भरून. शिकवणीत आई त्यावरून किती रागवायची. प्लेअरवर आई अल्बम ऐकायची ती कव्हर हातात धरून, चेहरा पाहत; जो चेहरा समोर, आवाज त्याचाच वाटायचा. आता प्लेअरबरोबरच डोळेही गेले होते. उरले होते फक्त कान, आणि ते कान एका शिक्षिकेचे.

खरं कळलं तर आई आपल्याला जवळ घेईल... पण धाकटीचं ते शेवटचं गाणं आईच्या हातून जाईल. थोरलीला हा सौदा परवडत नव्हता.

"डिस्क घासली गेलीय, आई," ती म्हणाली. "आता त्यातून काही निघणार नाही."

श्वास: आढळला नाही

दोन दिवसांनी ती औषधं घेऊन घरी परतली तेव्हा बाहेरूनच तिला गाणं ऐकू आलं, आणि त्याखाली दुसरं काहीतरी... चिरकं, फाटलेलं.

आई गाण्याबरोबर गात होती. गळ्याच्या शिरा ताणलेल्या, ओठ निळसर, एक हात टेबलाच्या कडेवर आवळलेला. ओळ संपली तरी ती श्वास घेईना, दुसरी ओळ, तिसरी... आणि मग ती पुढे कोसळून धापा टाकू लागली.

"आई, हे काय करतेयस?"

"बघत होते..." आईला शब्द फुटेना. "तिला तिथे कसं जमतं ते. माझ्या लेकराला तिथे श्वास घेऊ देत नाहीत गं."

थोरलीने तिला पाणी पाजलं, पाठ चोळली. मग "पुन्हा एकदा बघते, काही निघतंय का," म्हणत कपाटातून डिस्क काढली.

आकार: मोठा

तिने सुरुवातीची गाणी तेवढी उतरवली, धाकटीने स्वतः गायलेली. तेवढ्यावर भागेल असं तिला वाटत होतं. पडद्यावरची पट्टी हळूहळू भरत होती, डिस्क आत गरगरत होती, आणि आई हात जोडून दवाखान्याबाहेर बसावं तशी बसून होती.

गाणं सुरू झालं. पहिली ओळ. आणि दुसरीच्या आधी, अगदी हलका, रेशमासारखा, एकच श्वास.

आईच्या गालांवरून पाणी ओघळलं. "हीच. हीच माझी पोर. कसा आवाज न करता घ्यायची बघ." ती ऐकत राहिली, ऐकता ऐकता हसली, आणि मग म्हणाली, "आता ते लाव. शेवटचं."

"उद्या लावू."

"उद्याचं कुणी पाहिलंय? लाव."

"आई, ते राहू दे."

"का?"

थोरलीने शेवटचं गाणं उतरवायला लावलं आणि खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. रस्त्यावर कुणीतरी सायकलची चेन बसवत होतं. ती चेनकडे बघत राहिली. मागे तिचाच तरुण आवाज खोलीत आला, आर्त, भरलेला... आणि त्याच्याआधी श्वास. तोकडा, मग भरून.

गाणं संपलं. चिकटपट्टी लावलेलं बटण वाजलं. गाणं पुन्हा सुरू झालं, पुन्हा संपलं.

"इकडे ये," आई म्हणाली.

थोरली गेली.

"दोन घोट."

"आई..."

"इतकी ओरडले त्यावरून, पण सुटलं नाही तुझं." आईचा आवाज शांत होता, म्हणून जास्तच भीती वाटत होती. "किती गाणी?"

"शेवटची चार. तिचा घसा गेला होता. तुला कळू नये म्हणून तिने..."

"आणि तू गाणं सोडलंस ते?"

"गायले असते तर ओळखलं असतं कुणीतरी."

"मी ओळखलं नाही."

"तुझ्या हातात तिचा फोटो होता, आई."

आईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्या हातांआडून शब्द आले. "मत्सरी म्हणाले मी तुला."

"एकदाच म्हणालीस."

"दुसऱ्यांदा म्हणायची गरजच काय पडली? एकदाच म्हटलं आणि तुझ्या तोंडातून सूर गेला तो गेलाच... मी जन्मदाती, मी गुरू, आणि मला माझ्याच लेकीचा गळा..." ती अडखळली. "पण खरं सांगू? राग येऊ देऊ नकोस. तू सापडलीस, आणि ती आणखी थोडी गेली गं. आणखी चार गाण्यांनी गेली."

"म्हणूनच सांगत नव्हते."

आईने चाचपडत तिचा चेहरा शोधला, गालावरून, हनुवटीवरून बोटं फिरवली, आणि कपाळ तिच्या कपाळाला टेकवलं. दोघी रडल्या, आवाज न करता, खूप वर्षांचं एकदम.

दारावर टकटक झाली. "इंजिनिअर आलाय," बाहेरून हाक आली. "हत्ती आत शिरला की नाही?"

थोरली डोळे पुसून उठू लागली तशी आईने तिचं मनगट धरलं. "त्याला यातलं अक्षर कळता कामा नये," ती कुजबुजली. "त्याच्याकडे आता एवढंच आहे. तू इतकी वर्षं एकटीने सांभाळलंस. यापुढे दोघी मिळून."

तो आत आला, दोघींचे चेहरे पाहून खुर्ची ओढून बसला. आईनेच बटण दाबलं. पडद्यावर बायकोचा चेहरा आला तसा तो थोडा पुढे झुकला. दोन घोटांतला तो श्वास ऐकू आला तेव्हा त्याच्या कपाळावर आठी उमटली.

"असा श्वास..." तो म्हणाला. "इतकी वर्षं शेजारी होती, पण असा कधी ऐकला नाही मी तिचा."



"गाताना वेगळा असतो," आई म्हणाली. उभ्या आयुष्यात स्वराबाबत ती कधी खोटं बोलली नव्हती. "मी शिकवलाय, मला विचारा. लांब ओळीच्या आधी ती असाच घ्यायची."

"असेल," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा सैलावला. "तुम्हाला जास्त माहीत."

तो पडद्याकडे बघत ऐकत राहिला. त्याच्या पाठीमागे थोरली आईजवळ जमिनीवर बसली. आईने तळहात तिच्या पाठीवर, बरगड्यांच्या मधोमध ठेवला. गाणं पुढे सरकत होतं आणि ओठ घट्ट मिटलेली थोरली, तिच्या नकळत, त्याच्याबरोबर श्वास घेत होती. आणि प्रत्येक लांब ओळीच्या किंचित आधी आईचा तळहात हलकेच दाबत होता... घे, आता घे.