तक्रार नसलेले अकरा दिवस

अच्युतराव पडवळकरांच्या नियंत्रण-कक्षात एक टेबल, दोन पडदे आणि एक लाल दिवा होता. मनोऱ्याशी संपर्क तुटला की दिवा लागायचा. पहिल्याच पावसाळ्यात त्यात पाणी शिरलं आणि तो कायमचा लागला. तेव्हापासून त्यावर एक हातरुमाल घातलेला असे. मनोरा चालू आहे की बंद, हे कळण्याचं त्यांचं साधन वेगळंच होतं. गिऱ्हाइकं ओरडली की बंद, गप्प असली की चालू. बावीस वर्षं गावावरच्या कातळी सड्यावरच्या मनोऱ्यावरून चौदा वाड्यांना बिनतारी इंटरनेट पुरवताना हे साधन एकदाही चुकलं नव्हतं.

पुण्याच्या संशोधक डॉ. मेधा शेजवलकरांनी नवी पेटी बसवली, तेव्हा हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

"तुमची लाइन अरुंद आहे," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून लोक चिडतात. ही भाकीतपेटी उत्तराची वाट बघत नाही. माणूस काय विचारणार, समोरून काय येणार, हे सवयींवरून ओळखते आणि आधीच तयार ठेवते. खरं उत्तर मागून आलं की ताडून बघते. चुकलं असेल तर गुपचूप दुरुस्त करते."

"म्हणजे व्हिडिओ कॉलवर पोरगा बोलायच्या आधीच पोरगा बोलणार?"

"अर्धा सेकंद आधी. चेहरा त्याचा, आवाज त्याचा. आणि शहरातल्या टोकाला हिची जोडपेटी आहे, ती पलीकडच्यांसाठी तुमच्या बाजूचं भाकीत करते. दोघांनाही खोळंबा नाही."

"आणि लाइनच गेली तर?"

"तर दुरुस्ती होणार नाही, एवढंच. तक्रारी मात्र नक्की कमी होतील."

अच्युतरावांनी शेवटचं वाक्य तेवढं लक्षात ठेवलं.

तक्रारी खरंच थांबल्या. त्याच सुमारास शहरातल्या एका बड्या कंपनीचं पत्र आलं: व्यवसाय आम्हाला विका, महिनाअखेर कळवा. अच्युतरावांचे गुडघे कंपनीच्या बाजूचे होते. पण मुलगी ऋजुता हेलसिंकीत मनोऱ्यांचंच काम करत होती. ती परत आली असती, तर विकायचा प्रश्नच नव्हता. आठ वर्षांत त्यांनी तिला तसं एकदाही विचारलं नव्हतं. विषय निघाला की "माझ्यासाठी नको येऊस, तुझं चांगलं चाललंय" असं म्हणून ते आंब्याच्या मोहोराकडे वळत.

यंदा मात्र दोन दिवस मनाशी घोकून, सोमवारी व्हिडिओ कॉलवर त्यांनी विचारून टाकलं, "येतेस का गं?"

पडद्यावरची ऋजुता जराही थांबली नाही. "येते, बाबा. पण मनोऱ्यावर मी चढणार, तुम्ही खाली उभं राहून सूचना द्यायच्या."

त्यांनी त्याच दुपारी कंपनीला नकार कळवला.

त्यानंतर नऊ दिवसांनी, पोरगी येणार तर मनोरा जरा दाखवण्यासारखा असावा म्हणून, खांद्यावर डबा अडकवून ते सडा चढले. वर मनोऱ्यावरची संपर्काची तबकडी शहराकडे बघत नव्हती. खालच्या फणसाकडे बघत होती. तिच्या काठावर एक वानर बसून दुसऱ्याच्या उवा काढत होतं. मनोऱ्याखालच्या यंत्रातली जोडणीची नोंद सांगत होती: संपर्क तुटल्याला अकरा दिवस झाले.

अकरा दिवस आणि एक तक्रार नाही! अच्युतरावांना क्षणभर अभिमान वाटला. मग त्यांनी सोमवारपासूनचे दिवस बोटांवर मोजले आणि ते एका चिऱ्यावर बसले.

सड्याच्या टोकाला साधी मोबाइलची रेंज मिळे. त्यांनी आधी डॉक्टरांना फोन लावला.

"ती आमची ऋजुता नव्हती?"

"ऋजुता बहुधा जे म्हणाली असती, ते होतं," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "अच्युतराव, चिंता दुसरीच आहे. तिच्याशी तुमच्या बाजूने जोडपेटी बोलली असणार. तुम्ही बहुधा काय म्हणाला असतात?"

त्याचं उत्तर त्यांना शोधावं लागलं नाही. त्यांनी ऋजुताला फोन लावला.

"मी काय म्हणालो गेल्या आठवड्यात सोमवारी?"

"नेहमीचंच. माझ्यासाठी नको येऊस. मग मोहोर." तिचा आवाज कोरडा होता. "म्हणून उद्या इथल्या करारावर सही करतेय. तीन वर्षांची."

"सही नको करूस. तो मी नव्हतो, पेटी होती. मी विचारलं होतं. आत्ताही विचारतो. येतेस का?"

पलीकडे बराच वेळ शांतता होती. एवढी शांतता पेटीने कधीच ठेवली नसती.

"बाबा, मग आत्ता कोण बोलतंय?" ती सावधपणे म्हणाली. "कारण तुम्ही असं विचारत नाही. सोमवारचे बाबाच जास्त खरे वाटत होते."

आपणच आहोत हे सिद्ध करायला अच्युतरावांकडे आठ वर्षांची सवय होती आणि ती नेमकी उलट साक्ष देत होती. तेवढ्यात खांद्याला हिसका बसला.

"अरे हाड! डबा ठेव! मेल्या, सांदण आहे त्यात, तुझ्या बापाने वाफवलंय काय? तबकडी फिरवलीस ती फिरवलीस, वर आता–"

फोनमधून हसू फुटलं. ते थांबेना.

"हं, हे तुम्हीच," ती धापा टाकत म्हणाली. "येते, बाबा. पण मनोऱ्यावर मी चढणार, तुम्ही खाली उभं राहून सूचना द्यायच्या."

अक्षर न् अक्षर तेच होतं. अच्युतरावांनी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे एकदा संशयाने पाहिलं. मग पाना काढला आणि, सूचना द्यायला खाली कोणी नसल्यामुळे, स्वतःच वर चढून तबकडी शहराकडे वळवली.

ते खाली उतरतात तोच फोन वाजला. वरच्या वाडीतल्या इंदूताई सावरटकर.

"अच्युतराव, तुमचं नेट बिघडलंय हो! कालपर्यंत आमचा सुहास रोज तास-तासभर बोलत होता. आज दोन मिनिटांत म्हणतो, आई, कामात आहे."

अच्युतरावांनी पाना खिशात घातला.

"बिघडलं नाही, ताई," ते म्हणाले. "आत्ताच दुरुस्त झालंय."