पाहुणा नव्हे

फ्रान्सच्या राजासाठी बारा वर्षं भाड्याने तलवार चालवून इथेल वेल्सला परतला, तो इंग्रजांनी हिरावलेलं आजोबांचं ग्वेनेथ राज्याचं सिंहासन मागायला. सोबत दोघंच: म्हातारा लवार्क आणि ब्रेटन खलाशी रिवाल. खिंडीपलीकडे ग्वेर्विलआत्याकडे दोनशे धनुर्धारी होते. ते मिळाले तर राज्य. नाहीतर पुन्हा परक्यांच्या लढाया.

खिंडीत मांडीभर बर्फ. लवार्कचा पाय सुटला. तिघांच्या कमरेची दोरी ताणली गेली. रिवालने टाचा रोवल्या, इथेलने ओढलं, तळहात सोलून निघाले. वर येताच लवार्क धापा टाकत म्हणाला, "सरदार, तुमच्या आजोबांना सपाटीवर राज्य करता आलं नसतं?"

दुपारी आत्याच्या दारात कोमट पाण्याचं घंगाळ पुढे आलं. पाय धुऊ दिले की माणूस त्या घरचा पाहुणा, हे बापाने परदेशातही शिकवलं होतं. इथेलने पाय मागे घेतले.

"मी पाहुणा नाही, आत्या. मुलूख माझा आहे."

"अस्सं? पाहुण्याला लपवलं असतं मी. खाली बघ. गढीवरचे इंग्रज तुमच्या पावलांवरून येतायत. घर जाळतील. मुलूख तुझा ना? मग सांग, काय करायचं?"

"तुझी माणसं?"

"दऱ्याखोऱ्यांत पांगलीत. जमायला दोन दिवस लागतील."

इथेलने बूट आवळले.

"निदान रस्सा तरी..." लवार्क पुटपुटला.

"भाकरी घे हातात. चल."

तिघे समोरच्या कड्यावर चढले. खाली कुंपणाशी एका शिपायाने पलिता पेटवला. इथेल उघड्यावर उभा राहिला आणि त्यांना कळेल अशा, त्यांच्या सरदारांच्या फ्रेंचमध्ये गरजला, "त्या थेरडीने पाणीसुद्धा विचारलं नाही मला!" मग आपल्या भाषेत, घराला ऐकू जाईल असं, "मी इथेल, कदोगनचा मुलगा! ग्वेनेथ माझं आहे!" आणि पुन्हा फ्रेंचमध्ये, "हिंमत असेल तर वर या!"

बाण कानाजवळून गेला. पलिता बर्फात पडला. सगळे शिपाई वर धावले. तिघांनी पलीकडच्या घळीत ढाली टाकल्या, त्यांवर बसले आणि सुटले. दगड. उसळी. लवार्कच्या शिव्या. खाली पोचले तेव्हा रिवालचा एक दात कमी होता.

तिसऱ्या दिवशी किनाऱ्यावर त्यांना फ्रान्सहून आणलेलं गलबत परत न्यायला उभं होतं. इथेल पाण्यात उतरणार, तोच टेकडीवरून माणसं आली. चाळीसएक. खांद्यांवर धनुष्यं.

पुढचा म्हणाला, "आत्याबाईंचा निरोप आहे. म्हणाल्या, खोटारडा आहे मेला, पण धनी आपलाच आहे."

"दोनशे होते ना?" लवार्कने विचारलं.

"बाकीचे म्हणाले, आधी चाळीस जिवंत राहतात का बघू."

इथेल मोठ्याने हसला. मग गलबताकडे वळला.

"रिकामं ने परत," त्याने तांडेलाला सांगितलं. "फ्रान्सच्या राजाला म्हणावं, दुसरा भाडोत्री शोध."