न आटलेलं पाणी

टाईल पक्की बसली आहे की नाही, हे मी कानाने ओळखतो. करणीच्या मुठीने हलकेच ठोकायचं. खणखणीत वाजली तर पक्की, बद्द वाजली तर मागे पोकळी. मंठ्यापासून परतूरपर्यंत मी बसवलेली एकही टाईल आजवर सुटलेली नाही. हे सांगताना माझी मान ताठ होते, आणि ते मी लपवत नाही.

म्हणून मार्चमध्ये तृप्ती मॅडमचा फोन आला तेव्हा मला नवल वाटलं नाही. अंबड रोडला एका संस्थेचा पोहण्याचा तलाव आहे, मॅडम तिथे मुलींना शिकवतात. बावीस मुली, बहुतेक आसपासच्या खेड्यांतल्या. तलाव पंचवीस मीटरचा, चौदा वर्षांचा जुना. सांध्यांतला ग्राउट, म्हणजे सिमेंटचा भराव, भुसभुशीत झालेला, टाईल कोपऱ्यांवर उचललेल्या, पाणी रोज चार बोटं उतरायचं. बाहेरच्या दोन पार्ट्या येऊन वरवर लिंपून गेल्या होत्या.

"राजानंदभाऊ, जूनमध्ये राज्याची स्पर्धा हाय," मॅडम म्हणाल्या. "आमची मोनाली पहिल्या तिघींत येऊ शकते. पण असंच पाणी जिरत राह्यलं तर संस्था तलाव बुजवणार हाय. इथं लोकांना प्यायला टँकर लागतो, त्यांना तरी काय म्हणायचं?"

मी आणि पाशामियाँ कामाला लागलो. पाशामियाँ माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, आणि सांधे भरण्यात त्यांच्यासारखा हात मी दुसरा पाहिला नाही. पहिले चार दिवस मी नुसता ठोकत होतो. बद्द वाजेल तिथे खडूची फुली. सहाशे चाळीस फुल्या झाल्या. तेवढ्या टाईल उखडल्या, मागचा गिलावा खरवडून नवा केला. बाकीच्या साऱ्या सांध्यांतला जुना ग्राउट पात्याने उकरून काढला, ब्रशने धूळ झाडली. मग पाशामियाँ नवा ग्राउट रबरी पट्टीने तिरका दाबत पुढे सरकायचे. बुडबुडा राहिला असं वाटलं की तेवढा सांधा पुन्हा उकरायचे. संध्याकाळी ओल्या स्पंजाने पुसून घेतलं की रेघा ताणलेल्या दोऱ्यासारख्या दिसायच्या.

अठ्ठावीस दिवस लागले. शेवटी मी सगळा तलाव परत ठोकून पाहिला. एकही टाईल बद्द वाजली नाही.

"ऐसा काम अब दुबारा नै होता अपने से," पाशामियाँ कमरेवर हात ठेवून म्हणाले. आम्ही बराच वेळ त्या कोरड्या, निळ्या तळाकडे पाहत उभे राहिलो.

ग्राउट पुरता वाळल्यावर तलाव भरला. गळती तपासायची एक साधी रीत आहे. पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवायची, आणि बादलीत व तलावाच्या भिंतीवर, दोन्हीकडे पेन्सिलीने पाण्याची खूण करायची. ऊन दोन्हीकडचं पाणी सारखंच उडवतं. तलाव बादलीपेक्षा जास्त उतरला, तर कुठेतरी गळतंय.

एप्रिल संपत आला होता. पारा बेचाळीसवर. दुसऱ्या दिवशी बादली एक सेंटीमीटर उतरली. तलाव खुणेवर. चौथ्या दिवशी बादली तीन सेंटीमीटर खाली. तलाव खुणेवर. आठव्या दिवशी बादलीतली खूण चांगली चार बोटं वर राहिली होती. तलावाचं पाणी पेन्सिलीच्या रेघेला जसंच्या तसं टेकलेलं.

"गळती बंद झाली, बराबर," पाशामियाँ म्हणाले. "पर धूप का क्या? धूप तो पानी पीतीच है."

"भिंत उंच हाय चाचा, वारं लागत न्हाई," मी म्हणालो. बादलीही त्याच भिंतीच्या आडोशाला होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

मॅडमना मात्र आनंद झाला. संस्थेची माणसं येऊन खूण पाहून गेली. तलाव राहिला. दारापाशी संगमरवराची छोटी पाटी बसवली: काम, राजानंद मिस्त्री आणि पाशामियाँ. मी बायकोला, मीनाला, मोटारसायकलवर आणून ती पाटी दाखवली. ती दोनदा वाचून म्हणाली, "लई शोभून दिसतं."

मुली पोहायला लागल्या. आठवड्याने मी सहज चक्कर मारायला गेलो. सकाळची बॅच संपत होती. मुली एकेक करून वर येत होत्या, काठावरून चालत कपडे बदलायला जात होत्या. मी काठाकडे बघत राहिलो. काहीतरी कमी वाटत होतं, आणि काय ते कळायला थोडा वेळ लागला.

काठावर ओलं पाऊल नव्हतं. एकही.

मोनाली माझ्यासमोरून गेली. सोळा वर्षांची, लांब हातांची मुलगी. टोपी काढली तर केस मोकळे, भुरभुरते. पाठीवर थेंब नाही.

"टॉवेल न्हाई आणला का गं?" मी विचारलं.

"लागतच न्हाई काका आता." ती हसली, बाकावरची बाटली उचलली आणि एका दमात रिकामी केली. मग शेजारणीची घेतली.

मी पायरीवर वाकून भिंतीवरची खूण पाहिली. रेघ पाण्याखाली गेली होती. दोन मिलिमीटर, जास्त नाही.

"पाणी सोडलं होतं का मॅडम?"

"भरल्यापासून नळ उघडला न्हाई," तृप्ती मॅडम म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, "पोरी लई पाणी पिऊन राह्यल्यात आजकाल. ऊन हाय ना."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाशामियाँना घेऊन गेलो. वाटलं, खालून कुठून पाणी आत येत असेल. पण शेजारचा बोअर महिन्यापूर्वीच आटलेला. येणार कुठून?

मी पाण्यात उतरलो. पाशामियाँ काठापासून हातभर लांब उभे राहिले.

पाणी थंड होतं. मी श्वास धरून तळाशी गेलो आणि बोटाने सांधे चाचपत निघालो. सगळे भरलेले, गुळगुळीत, कुठे केसाएवढी भेग नाही. इतकं चांगलं काम माझ्या हातून झालंय, या विचाराने पाण्याखालीही मला बरं वाटलं. एका सांध्यावर बोट थोडं जास्त वेळ ठेवलं. काढताना ते किंचित चिकटल्यासारखं झालं, बर्फाला जीभ चिकटते तसं.

मी वर आलो.

चड्डी कोरडी होती. केस कोरडे होते. घशाला कोरड पडली होती.

पाशामियाँनी मला नखशिखांत पाहिलं. मग पिशवीतून छिन्नी आणि हातोडी काढून माझ्यासमोर धरली.

"एक जोड खोल दे, राजानंद. एकीच. थोडा पानी जाने दे."

मी छिन्नी घेतली. पायरीजवळच्या सांध्यावर टोक टेकवलं. रेघ बघा, किती सरळ होती. अठ्ठावीस दिवस. दारावर आमची नावं. एक सांधा उघडला तर पाणी परत रोज उतरणार, संस्था तलाव बुजवणार, आणि लोक म्हणणार, तिसऱ्या मिस्त्रीलाही जमलं नाही.

"आपल्या हातचं काम हाय, चाचा," मी म्हणालो.

 त्यांनी छिन्नी परत घेऊन पिशवीत टाकली. नंतर ते त्या रस्त्यानेही कधी आले नाहीत.

जूनमध्ये मोनाली राज्यात पहिली आली.

संस्थेने सत्कारासाठी तलावाशेजारीच मांडव घातला. पाऊस लांबलेला, पंखे गरम हवा फेकत होते. माणसांचे सदरे पाठीला चिकटले होते, बाया पदराने वारा घेत होत्या. बावीस मुली पहिल्या रांगेत बसल्या होत्या. माझ्यामागची कुणी बाई कौतुकाने म्हणाली, "पोरी बघा कशा टवटवीत, घामाचं नाव न्हाई."

मॅडमनी माईकवर माझं नाव घेतलं. म्हणाल्या, या माणसाने तलाव वाचवला म्हणून आज हे पदक आलं. टाळ्या वाजल्या. मीना पदराने डोळे पुसत होती. माझा ऊर भरून आला, डोळे चुरचुरले. मी बोटांनी ते पुसले.

बोटांना काही लागलं नाही.

व्यासपीठावर मोनालीची आई, द्वारकाबाई, लेकीच्या गळ्यात पडून रडत होती. मोनालीचे खांदे हुंदक्यांनी हलत होते. द्वारकाबाईने तिचं तोंड दोन्ही हातांत धरून अंगठ्यांनी गाल पुसले. मग अंगठे थांबले. तिने ते उजेडात धरून पाहिले आणि परत एकदा, हळूच, लेकीच्या डोळ्यांखालून फिरवले.